सांभाळायला ठेवलेलं मेंढरू

पोशाला वाडीत पोशा म्हणणारं कुणी नाही. रेशनकार्डावर पोशा, मतदार यादीत पोशा, आणि ज्या बंगल्यावर तो गवत कापायला जातो तिथल्या मॅडमच्या तोंडी ‘पोशाऽजी’, जणू तो त्यांच्याकडे दर एकादशीला कीर्तन करतो. बाकी सगळ्यांच्या तोंडी मेंढरू. पण एकेकाचं मेंढरू वेगळं. दत्ता टेंपोवाला हॉर्न वाजवल्यासारखी दोनदा हाक मारतो, ‘मेंढऱ्या, ए मेंढऱ्या’, आणि दुसऱ्या हाकेला ब्रेक दाबल्यासारखा गचकन थांबतो. पोशाची बायको नंदा ‘अवोऽ मेंढरू’ म्हणते. त्यातला ‘अवो’ इतका लांब, की मेंढरू येईपर्यंत तव्यावरची भाकरी करपावी. आमच्या शाळेत मराठी शिकवणारे दहिवलीचे कपिल सर ‘मेंढरू’ म्हणताना एकेक अक्षर फळ्यावर काढतात आणि शेवटचा रू दीर्घ आहे हे भुवयांनी दाखवतात.

या सगळ्यांची नक्कल होते. चिंधीची होत नाही. चिंधी म्हणजे पोशाची आई. वाडीतल्या पोरांनी खूप प्रयत्न केले. ती हाक मारायच्या आधी इकडंतिकडं बघायची, कुणी ऐकतंय का ते पाहायची, आणि मग दुसऱ्या कुणाची तरी वस्तू परत करतेय अशा आवाजात म्हणायची, ‘ए मेंढरा, जेव.’ आवाज काढता येतो. ते बघणं काढता येत नाही.

त्या बघण्याची गोष्ट जुनी आहे. वाडीत ती सगळ्यांना पाठ आहे आणि सांगताना प्रत्येक जण थोडी आपली भर घालतो.

चिंधीची आधीची लेकरं पाळण्यातून खाली उतरलीच नव्हती. मरणाचं नाव ती घेत नसे. ‘ती’ म्हणायची. ‘तिला माजं घर ठाव झालंय, वास काढीत येते.’ अशा घरात पोर जगवायचं तर ते आपलं नाही असं दाखवायचं, ही जुनी रीत. कुणी पोराला उकिरड्यावर ठेवून शेजारणीला उचलायला लावतं, कुणी पसाभर तांदूळ घेऊन परक्याला विकून टाकतं आणि पोर मोठं झालं की तसंच परत विकत घेतं. चिंधीचं स्वतःचं नावही असंच, कुणी वळून बघू नये म्हणून ठेवलेलं. पण त्या औषधावर तिचा भरवसा उरला नव्हता. नाव फाटकं ठेवलं तरी घर तेच राहतं, असं तिचं म्हणणं.

तेव्हा भातकापणी उरकली की घाटावरचे धनगर बोरघाट उतरून खाली यायचे. वाडीखालच्या खाचरांत शेतकरी त्यांची मेंढरं बसवून घ्यायचे. एका रात्रीत जमिनीला लेंड्यांचं खत, आणि धनगरांना त्याबदली भात. त्यातल्या एका कळपाची मालकीण बाणाबाई. चिंधीनं पोशाला फडक्यात गुंडाळलं, सकाळी कळप सुटायच्या वेळेला गेली आणि वाघरीच्या तोंडाशी, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळ्याला जिथं वाट ठेवतात तिथं, पोर जमिनीवर ठेवून बाजूला झाली.

कळप सुटला. मेंढरं पोराला वळसा घालून गेली, एकाचाही खूर लागला नाही. दत्ताच्या सांगण्यात एक मेंढी थांबून पोराचं डोकं हुंगते, नंदाच्या सांगण्यात ती चाटतेसुद्धा. शेवटचं मेंढरू गेल्यावर बाणाबाईनं पोर लेंड्यांतून उचललं, झटकलं आणि विचारलं, “ह्ये आमचं. तू कोन गं?”

“मी कोन नाय,” चिंधी म्हणाली.

बाणाबाईनं पोराच्या डाव्या कानाच्या पाळीला खालून एक खाच दिली. तिच्या कळपाची तीच खूण होती. पोर रडलं तेव्हा तिनं ते चिंधीच्या हातात दिलं. ज्याला चालवत नाही असं कोकरू धनगर गावातल्या कुणाकडे तरी सांभाळायला ठेवतात आणि पुढच्या फेरीला येऊन बघतात. तसंच तिनं सांगितलं, की पावसाळाभर सांभाळ, दिवाळी झाली की बघायला येईन. वर एक अट घातली. परत घ्यायचं झालं तर पसाभर तांदूळ आन, मी लोकर देईन. पण नुसत्या लोकरीनं होणार नाही. आईनं स्वतःच्या तोंडानं, मोठ्यानं म्हणायचं, ‘हा माझा लेक.’ तोवर म्हणायचं नाही, आणि पोरानंही तिला आय म्हणायचं नाही.

म्हणून पोशा आईला ‘चिंधे’ म्हणत मोठा झाला. एवढंसं पोर दारात उभं राहून ‘चिंधे, भूक लागली’ म्हणायचं आणि वाडी हसून लोळायची. चिंधी हसायची नाही. ती आधी इकडंतिकडं बघायची.

गंमत अशी, की बाणाबाई स्वतः मेंढरू म्हणतच नसे. तिकडचे लोक मेंढीला बकरं म्हणतात आणि शेळीला शेरडू. दरवर्षी ती येऊन पोशाची हनुवटी धरायची, कानाची खाच चाचपायची आणि म्हणायची, “माजं बकरं भरलंय की गं.” चिंधी म्हणायची, इकडं बकरं म्हणजे शेळीचं, लोकांना वाटेल मी खाटकाला द्यायला पोसलंय. तेव्हा मेंढरू हे नाव चिंधीनं ठेवलं, पोर मात्र बाणाबाईचं. या घोळाचं पुढं एकदा कपिल सरांपुढे प्रकरण गेलं. पोशा शाळेच्या मैदानातलं गवत कापायला आला होता. यंत्र बंद करून खिडकीशी आला आणि म्हणाला, सर, मेंढरू म्हंजे काय हो, कुठनं आलं?

सरांना असं कुणी विचारलं की त्यांचा आवाज अर्धा सूर वर जातो. त्यांनी कपाटातून शब्दकोश काढला, पानं उलटली. मेंढा, मेंढी, मेंढरू. प्राकृतात मेंढ, संस्कृतात मेण्ढ. त्याच्याही मागं कुठून, तर नक्की सांगता येत नाही. मेष हा शब्द वेगळा, तो घरचा दिसतो. हा मेंढ मात्र बाहेरचा असावा, इथं आधीपासून राहणाऱ्या कुणाच्या तरी बोलीतून संस्कृतात आला असावा, असं काही जाणकार मानतात. कुणाच्या, ते ठरलेलं नाही.

पोशानं कानाची खाच खाजवली. “म्हंजे त्योबी सांभाळायलाच दिलाय,” तो म्हणाला, “न्यायला कोन आलं नाय.” आणि जाऊन यंत्र सुरू केलं. सर त्या तासाला पुस्तक उघडं ठेवून बाहेर गवत उडताना बघत राहिले.

आता कुणी विचारेल, परत का घेतलं नाही? वाडीला याचं उत्तर एका वाक्यात येतं आणि ते वाक्य चिंधीचं आहे. ‘आजून एक साल ऱ्हाऊ दे.’

पोशा चालायला लागला, तेव्हा बाणाबाई म्हणाली, घे आता. चिंधी म्हणाली, आजून एक साल ऱ्हाऊ दे, गोवर येऊन जाऊ दे. गोवर येऊन गेला. मग नदीला पूर होता, मग शेजारचं पोर साप चावून गेलं, मग पोशा झाडावरून पडून हात मोडून आला. दरवेळी ‘ती’ वाडीत येऊन गेल्याचं चिंधीला दिसायचं आणि दरवेळी चिंधीच्या घरावरून ती पुढं जायची, कारण या घरात लेकच नव्हता, धनगराचं मेंढरू होतं. चाललेलं औषध कोण बंद करतो?

पोशाचं लग्न वैशाखात झालं. तेव्हा कळप घाटावर. मांडवात नवऱ्याची आई म्हणून कुणाला बसवायचं यावर बराच खल झाला. शेवटी पोशाच्या मावशीनं हळद लावली आणि चिंधी चुलीमागं भांडी घासत बसली. पोशा हळदीच्या अंगानं तिथं गेला, नुसता उभा राहिला आणि परत आला. दिवाळीनंतर बाणाबाई आली तेव्हा नंदाला दिवस गेले होते. चिंधीनं तांदूळ निवडून ठेवले होते, फडक्यात बांधलेसुद्धा होते. बाणाबाई ओटीवर बसली, चहा प्याली, म्हणाली, मी आता म्हातारी झाले, घाट उतरवत नाही, या खेपेला घेच. चिंधीनं नंदाच्या पोटाकडे बघितलं. तांदळाचं गाठोडं मांडीवरून पदराखाली गेलं.

“आजून एक साल ऱ्हाऊ दे.”

पुढच्या साली कळप आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. खाचरं विकली गेली, त्यांना भिंती पडल्या, भिंतींच्या आत बंगले आले आणि बंगल्यांपुढं विकतचं गवत आलं. ज्या जमिनीवर मेंढरं बसायची तिथं आता मेंढरूच कामाला आहे, हा दत्ताचा विनोद. रोज सकाळी करतो. पोशा रोज हसतो.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर चिंधीनं अन्न सोडलं. आधी भाकरी सोडली, मग पेज. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालं, घरी न्या. नंदानं दारात खाट टाकली. चिंधी दिवसभर उंबऱ्याकडे बघत पडायची. पोशा कामावरून आला की खाटेशी बसायचा. तो फार बोलणारा माणूस नाही, पण एका संध्याकाळी दत्ताला म्हणाला, “सगळ्यांना एक आय असती रं. मला चिंधी हाय. जायाच्या आधी एकदा तिनं म्हनावं, बस.”

पण म्हणायचं तर आधी परत विकत घ्यायला हवं, आणि बाणाबाई कुठं शोधायची?

ती दत्तालाच सापडली, किंवा सापडली असं वाटलं. तो खालापूरहून रसायनीला माल टाकायला जातो. दिवाळीनंतर एकदा त्याला पाताळगंगेच्या कडेला, एका कंपनीच्या रिकाम्या प्लॉटवर वाघर दिसली. घोडं, कोंबड्या, जाळ्याखाली कोकरं. त्यानं येऊन सांगितलं. नंदानं तांदूळ निवडले, त्याच जुन्या फडक्यात बांधले आणि पोशाला इस्त्रीचा शर्ट दिला. विकत घ्यायला जाणारा आणि विकला जाणारा एकच, तर निदान माल तरी बरा दिसावा, असं तिचं म्हणणं.

टेंपोत पोशा गाठोडं मांडीवर धरून बसला. खालापूरला दत्तानं चहासाठी गाडी थांबवली. तिथं एका सभेसाठी माणसं ट्रकमध्ये भरायचं काम चाललं होतं. भरणारा झेंड्याची काठी आपटून ओरडत होता, मेंढरं भरली का रे सगळी, आजून दोन बसतील. पोशानं मान वळवून बघितलं. दत्ता म्हणाला, तुला नाय म्हनत. पोशा म्हणाला, ठाव हाय.

प्लॉटवर वाऱ्याला औषधासारखा कडू वास होता. मेंढरं कंपाउंडच्या तारेखालचं वाळकं गवत ओढत होती. चुलीपाशी एक बाई कोकराच्या तोंडात बाटली धरून बसली होती. पोशानं लांबूनच विचारलं, बाणाबाईच्या मेंढरांचा वाडा हाच का?

“सासू व्हती माजी,” बाई म्हणाली. तिचं नाव जनाबाई. “जाऊन लई साल झाली. तुमी कोन?”

दत्तानंच सगळं सांगितलं, आणि दत्ता सांगतो म्हणजे त्यात मेंढी हुंगते वगैरे सगळं आलं. जनाबाई ऐकत होती. मग उठून जवळ आली, पोशाची हनुवटी धरून डोकं वळवलं आणि डाव्या कानाची पाळी अंगठ्यानं चाचपली. अगदी तशीच, दत्ता म्हणतो, मेंढी घेताना चाचपतात तशी.

“खालनं खाच. आमचीच,” ती म्हणाली. आणि मग, “तर ह्ये तू.”

बाणाबाईची एक खोड होती. कळप घाट चढून वर गेला की ती बकरी मोजायची. सगळी भरली की पोरं म्हणायची, झाली. ती म्हणायची, झाली न्हाईत, एक खाली ऱ्हायलंय. पोरं परत मोजायची. दरवर्षी तेच. खाली यायचं बंद झालं तरी तेच, अंथरुणाला खिळली तरी तेच. घरातल्यांना वाटायचं म्हातारी चळली. “शेवटाला माज्याकडनं कबूल करून घेतलं,” जनाबाई म्हणाली, “मोजताना त्ये एक धरीत जा. म्हनून मीबी धरती. कशाला धरती ते ठावं नव्हतं.”

पोशानं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं.

जनाबाईनं तांदूळ घेतले. एका मेंढीच्या मानेपासची लोकर कातरून त्याच्या तळव्यावर ठेवली आणि सासूचीच अट सांगितली. आईनं तोंडानं म्हटलं की सुटलास. तोवर तू आमचा.

घरी आले तेव्हा ऊन ओटीवरून खाली उतरलं होतं. चिंधी जागी होती. पोशानं लोकर तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी नेली, बराच वेळ तिथंच धरली. मग विचारलं, बाणी कशी हाय?

पोशाला खोटं बोलता येत नाही. ती गेली, तो म्हणाला. लई साल झाली.

चिंधीनं डोळे मिटले. रडते असं नंदाला वाटलं, पण ती हिशोब जुळवत होती. “म्हंजे ‘ती’ बाणीच्या घरला आली व्हती,” ती म्हणाली. “बाणीला नेली. तवा तू तिचाच व्हतास. तरी तुला नाय नेला.”

“व्हय.”

“चांगलं घर हाय ते.”

पोशानं तिचा हात धरला. नंदा दारात होती, दत्ता अंगणात टेंपोला टेकून उभा होता, पोरंसोरं कुडापाशी. सगळी वाडी ऐकायला जमली होती.

“तांदूळ दिलं मी,” पोशा म्हणाला. “आता तू म्हन. एकदाच म्हन.” आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, “आये.”

चिंधीनं झटकन हात सोडवला आणि त्याच्या तोंडावर दाबला. तिच्या हातात एवढा जोर कुठून आला कुणास ठाऊक. तिनं उंबऱ्याकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं, माणसांच्या मधून, तिथं कुणीच नव्हतं तिकडं बघितलं.

“गप,” ती म्हणाली. “ती दारात हाय. मला न्यायला आलीया, मला नेऊ दे. मागं वळून तिनं इचारलं, ह्यो कोन, तर मी काय सांगू?”

पोशाच्या तोंडावर तिचा हात होता.

“आजून एक साल ऱ्हाऊ दे रं,” चिंधी म्हणाली. मग नेहमीच्या त्या आवाजात, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू परत करतेय अशा, “ए मेंढरा, जेवलास का?”

तो जेवला नव्हता. नंदानं ताट आणलं. खाटेशी बसून, चिंधी बघत असताना, तो सगळं जेवला.

चिंधी त्या आठवड्यात गेली. मडकं धरायला पुढं कोण, असं जुन्या माणसांनी विचारलं तेव्हा कुणी ‘लेक’ म्हटलं नाही. दत्ता म्हणाला, मेंढरू धरील, आणि पोशानं धरलं. लोकर तिच्याबरोबर जाऊ द्यावी असं काही बायकांना वाटत होतं. पोशानं दिली नाही. ती कौलाखाली वाशाला खोचलेली आहे. पावसात तिला अजून वास सुटतो आणि नंदा नाक मुरडते.

नाव तेच राहिलं. तिच्या पश्चात कुणीतरी एकदा पोशा म्हणून हाक मारून पाहिली. त्यानं वळूनही बघितलं नाही, त्याला कळलंच नाही आपल्याला आहे ते. कपिल सर आता मेंढरू म्हणताना भुवया उचलत नाहीत. चिंधीच्या हाकेची नक्कल करून बघणंही पोरांनी सोडलं.

उन्हाळा लागता लागता दत्ता रसायनीहून आला. पोशा बंगल्याच्या फाटकाबाहेर यंत्राचं पातं धुवत होता. दत्तानं सांगितलं, त्या प्लॉटवर खांब रोवले, धनगर गेले घाटावर. चालत नाही गेले, बोरघाटात गाड्या फार, एका आयशरमध्ये मेंढरं भरली आणि नेली. भरायला मीच हात लावला.

पोशा पातं पुसत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, “भरताना मोजली का रं?”

“मोजली की. बाई म्हनली एक कमी हाय. मी म्हनलं, मावशे, परत मोज, खाली ऱ्हायलं आसंल. तर हसली. म्हनली, ठाव हाय.”

पोशानं पातं बसवलं. आतून मॅडमनी ‘पोशाऽजी’ अशी हाक मारली. दत्तानं कोपरानं ढोसलं तेव्हा तो उठून आत गेला.